खालचा आवाज

मार्गशीर्षातल्या पहाटे अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून धुके साताऱ्यात उतरते तेव्हा गावावर काही काळ एक दाट निःशब्दता पसरलेली असते, आणि तीत दुधाच्या कॅनची कडी, सायकलची सैल साखळी, शेजारच्या परसातल्या बंबात तडतडणारी ढलपी, असे दिवसा कोणाच्या ध्यानीही न येणारे नाद स्वच्छ निथळून कानी पडतात. अशाच एका पहाटे पुण्यास मुलीकडे जाण्यासाठी मी अंगणातली आमची लहानशी मोटार सुरू केली, आणि इंजिन आपल्या नेहमीच्या गुणगुणीवर स्थिरावण्यापूर्वीच्या दोन-तीन क्षणांत तिच्या पोटातून पाच-सहा कोरडे ठोके आले. ते इतक्या चटकन विरून गेले की ‘काही वाजलं का हो?’ असे पत्नीने विचारले तेव्हा मी सरळ नकारार्थी मान हलविली. पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो. तिथवर आणि त्यापुढेही सारे सुरळीत होते. परतीच्या वाटेवर मात्र घाट चढावा लागला, आणि त्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, डोंगराच्या कड्यावर आदळून उघड्या खिडकीतून परत येणाऱ्या ध्वनीत तो ठोका पुन्हा ऐकू आला. या खेपेस तो विरला नाही. घरी येऊन गाडी उभी केली तरी, बंद दाराआडच्या माणसाने आपण आत आहोत एवढे बाहेरच्याला कळावे म्हणून बोटाच्या पेराने फळीवर टकटक करीत राहावे, तसा तो मंद आणि चिवट ठोका चालूच होता.

ही मोटार आमच्या घरी उशिरा आली. तेहतीस वर्षे महसूल खात्याची चाकरी करून, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाल्यावर, हाती आलेल्या रकमेतला एक हिस्सा आम्ही दोघांनी या एका इच्छेसाठी काढून ठेवला होता. आवाज आला त्या दिवशी गाडीला सव्वीस महिने पुरे झाले होते आणि काट्यावर 22,400 किलोमीटरची नोंद होती. हमीची मुदत तीन वर्षांची किंवा एक लाख किलोमीटरची, यांत जी आधी संपेल ती. प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख, बदललेले तेल, भरलेले पेट्रोल, हे सारे मी एका वहीत टिपून ठेवीत आलो होतो, कारण तेहतीस वर्षांत हाताला जे वळण पडते ते निवृत्तीच्या हुकुमाने सुटत नाही.

आपल्या लोकांनी कानाला पूर्वापार पंचाचा मान दिलेला आहे. कुंभाराकडून माठ घेताना गृहिणी तो डोळ्यांनी पाहते थोडा आणि बोटाच्या गाठीने वाजविते फार. बद्द वाजला तर त्यास कोठे केसाएवढी चीर आहे हे न दिसताही तिला पक्के कळते, आणि कुंभारही त्यावर वाद घालीत नाही, मुकाट्याने दुसरा माठ पुढे करतो. चांदीचा रुपया चालत होता त्या काळी सराफ तो दगडी फरशीवर टाकून त्याचा निवाडा करी, आणि त्याच निवाड्यावरून खऱ्या माणसालाही आपण आजवर खणखणीत नाणे म्हणत आलो. दूर युरोपात ग्राट्झ शहरातल्या एका खाणावळवाल्याचा मुलगा, लिओपोल्ड ऑएनब्रुगर, बापाच्या तळघरातली मद्याची पिंपे किती भरली आहेत ते वाजवून ओळखावयास शिकला असे सांगतात. तोच पुढे व्हिएन्नास वैद्य झाला आणि 1761 साली त्याने रोग्याच्या छातीवर बोटे वाजवून आतली व्याधी ओळखण्याची रीत ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली. पहिली कित्येक वर्षे त्या ग्रंथाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आत दडलेले दुखणे डोळ्यांस दिसण्याच्या पुष्कळ आधी कानास कळते, हे आमच्या कुंभारवाड्यातले ज्ञान विद्वानांना पटावयास इतका अवधी लागावा, याचे मला वाचताना मोठे नवल वाटले होते. तेव्हा माझी स्वतःची फिर्याद सुरू व्हावयाची होती.

सर्व्हिस सेंटरमधला तरुण मोठा अदबशीर होता. त्याने माझी हकिकत जॉब कार्डावर उतरवून घेतली, गाडीच्या संगणकाला आपले यंत्र जोडले आणि थोड्या वेळाने येऊन सांगितले, ‘सर, सिस्टीममध्ये एकही फॉल्ट कोड नाही. गाडी एकदम ओके आहे.’ मी त्यास इंजिनाजवळ नेऊन ऐकावयास सांगितले. वर्कशॉपमध्ये हवेचे पाने घरघरत होते, पाण्याचा फवारा चालू होता, कोणी पत्रा ठोकीत होते; त्या कोलाहलात त्याने क्षणभर मान वाकविली आणि ‘इतका आवाज नॉर्मल आहे’ असे म्हणून जॉब कार्डावर शेरा मारला: तपासणी केली, दोष आढळला नाही. पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा दुसऱ्याने तोच शेरा दिला. तिसऱ्या खेपेस वरिष्ठ सुपरवायझर स्वतः आले आणि त्यांनी दोष पेट्रोलला दिला. पंप बदलून पाहा, म्हणाले, जमले तर अधिक ऑक्टेनचे महाग पेट्रोल भरा, चढावरचे नॉकिंग त्याने जाते.

त्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते, आणि ते समजून घेण्यासाठी मी जे वाचले त्याने माझे पुढचे कित्येक दिवस व्यापून टाकले. इंजिनाच्या नळकांड्यात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, ठिणगी पडते, आणि ज्योत ठिणगीपासून सुरू होऊन कडेकडेने पसरत जाते. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या काही सहस्रांश भागांत आटोपत असला तरी त्यात एक क्रम असतो, एका कडेने पेटलेली होळी दुसऱ्या कडेस पोहोचावी तसा. परंतु इंजिनावर भार पडला, उष्णता वाढली, की दूरच्या कोपऱ्यातले, अद्याप ज्योत न पोहोचलेले मिश्रण दाबाने आणि तापाने आपले आपणच भडकते, आणि त्या अवकाळी स्फोटाच्या लाटा भिंतींवर आदळून सबंध धातू झणाणतो. पत्र्याच्या डब्यात गारगोट्या घालून हलवाव्या तसा तो आवाज असतो. आजच्या मोटारींत याचा पहारा करण्यासाठी इंजिनाच्या अंगावरच एक लहानसा कान बसविलेला असतो. क्युरी बंधूंनी 1880 साली असे दाखवून दिले की काही स्फटिक दाबले असता त्यांत विद्युत् उत्पन्न होते. त्याच गुणाचा उपयोग करून हा कान धातूतली थरथर टिपतो, आणि संगणक लगेच ठिणगीची वेळ किंचित मागे ओढून तो झणत्कार थांबवितो. मात्र ठिणगीनंतरच्या अल्प अवधीत उठणारा, ठराविक उंच पट्टीतला नाद तेवढा हेरावा, अशी त्या कानास शिकवण असते. त्याने दोष नोंदविला नाही याचा अर्थ ज्या ध्वनीसाठी त्याची नेमणूक होती तो ध्वनी नव्हता, एवढाच घ्यावयास हवा होता.

याच ठोक्यापायी मनुष्यजातीने एक मोठे पातक केले आहे, आणि ते सांगितल्याखेरीज मला पुढे जाववत नाही. गेल्या शतकाच्या आरंभी मोटारींची इंजिने जोरकस करू पाहणाऱ्यांना हा ठोका आडवा येऊ लागला. इंग्लंडात हॅरी रिकार्डो त्याच्या कारणांचा शोध घेत होता. अमेरिकेत ओहायो प्रांतातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग याच्या हाताखाली टॉमस मिड्ग्ली नावाचा इंजिनिअर शेकडो द्रव्ये पेट्रोलमध्ये घालून पाहत होता, आणि 9 डिसेंबर 1921 रोजी शिसेयुक्त अशा एका द्रव्याचे काही थेंब घालताच ठोका एकाएकी बंद पडला. मद्यार्कानेही ठोका थांबतो हे त्याच मिड्ग्लीस तत्पूर्वी ठाऊक होते. आज आमच्या सातारा-कोल्हापूरकडच्या उसाच्या मळीपासून आणि रसापासून जे इथेनॉल तयार होऊन पेट्रोलमध्ये मिसळले जाते ते हेच, आणि त्याचा ऑक्टेन अंक शंभराच्याही पुढचा आहे. परंतु शिसे थोडे लागे, स्वस्त पडे, आणि त्याचे हक्क आपल्याकडे राखता येत. 1924 साली न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात ते द्रव्य बनविणारे कामगार भ्रमिष्ट होऊन त्यांतले पाच दगावले. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन येथे भरलेल्या सभेत डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन या विदुषीने शिशाविरुद्ध निक्षून साक्ष दिली. ती कोणी ऐकली नाही, आणि पुढली कित्येक दशके हे विष रस्त्यारस्त्यावर लेकरांच्या श्वासातून आत जात राहिले. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, 2021 साली. इंजिनाचा ठोका ऐकू येताच तो थांबविण्यासाठी इतके बुद्धिमान लोक जिवाचे रान करतात, आणि त्याच लोकांना भ्रमात तडफडणाऱ्या कामगाराचा आक्रोश ऐकू येत नाही, हे वाचून मी पुस्तक मिटले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी पंप बदलला, महाग पेट्रोल भरले. ठोका होता तसाच राहिला.

अखेर पोवई नाक्यापलीकडच्या एका जुन्या गॅरेजात गाडी नेली. तिथले मिस्त्री सत्तरीच्या घरातले, एका डोळ्यास मोतीबिंदू झालेले. त्यांनी प्रथम शेजारच्या पोराला ग्राइंडर बंद करावयास सांगितले. मग बॉनेट उघडून हातभर लांबीचा एक पेचकस घेतला, त्याचे टोक इंजिनाच्या अंगावर टेकविले आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडास लावून डोळे मिटले. वरच्या झाकणावर, मग मध्ये, मग वाकून खाली तेलाच्या चेंबरजवळ, असा तो पेचकस हळूहळू उतरत गेला, आणि तळाशी पोहोचताच त्यांच्या भुवया जवळ आल्या. त्यांनी एकेका नळकांड्याची ठिणगी तोडून पाहिली: पहिले बंद केले, ठोका तसाच; दुसरे बंद केले, आणि ठोका जणू कोणी त्यावर उशी ठेवावी तसा दबला; तिसऱ्याला पुन्हा पूर्ववत्.

‘भाऊसाहेब, ह्यो पेट्रोलचा आवाज न्हाय,’ ते म्हणाले. ‘ह्यो खालचा आवाज हाय. दोन नंबरचं बेरिंग बोलतंय.’

पिस्टनचा असेल का, असे मी विचारले. ‘पिस्टनचा आसता तर गाडी तापल्यावर गेला आसता. ह्यो तापल्यावर वाढतोय बगा. तेल पातळ झालं की त्याला जागा मिळती.’ मग पेचकस पुसून ठेवीत त्यांनी बजावले, ‘पर मी ह्ये खोलणार न्हाय. गाडी वॉरंटीत हाय. मी हात लावला तर त्ये हात वर करतील. तुमी अर्ज करा. तुमाला काय सांगायचं अर्जाचं.’

हे वाक्य ते सहज बोलले, पण मी घरी परतलो तो निराळाच होऊन. पंचवीस-एक वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत डोंगरकपारीच्या गावातला एक वयस्क शेतकरी वारंवार येत असे. शेजारचा आपला बांध कोरतो आहे, ही त्याची तक्रार. स्थळपाहणीचा अहवाल आला, नकाशाशी रुजवात घेतली, कागदोपत्री फरक दिसेना, आणि टिपणी मी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिली: अभिलेखात दोष आढळून येत नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात यावा. तो पुन्हा आला तेव्हा टेबलाच्या कडेस दोन्ही हात टेकून म्हणाला होता, ‘सायेब, रातच्याला टॅक्टर बांधाला घासतो, मला आवाज येतो.’ आवाजाने काय होते, पुरावा आणा, असे मी त्यास सांगितले. माझ्या त्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, कामाचा रगाडा होता आणि नियमही माझ्या बाजूस होता. पण तो मनुष्य सात कोस चालून, एसटीचे भाडे मोडून, जे कानाने जाणत होता ते सांगावयास आला होता, आणि मी नकाशाचा कागद वाकडा नाही एवढे पाहून त्यास परत धाडले. जॉब कार्डावरचे तीन शेरे टेबलावर ओळीने मांडून मी त्या रात्री बसलो असता मला त्याचे ते टेकलेले हात दिसत राहिले. नखांत माती होती. त्याचे नाव मला स्मरत नाही, आणि गावाचे स्मरते ते पुरेसे नाही.

अर्ज मी लिहिला. ठोका कोणत्या तारखेस, कोणत्या रस्त्यावर, इंजिन थंड असता की तापल्यावर, किती किलोमीटर झाले असता ऐकू आला याचे जोडपत्र तयार केले, तिन्ही शेऱ्यांच्या नकला जोडल्या आणि एकच विनंती केली: कोणीतरी जबाबदार इसमाने गाडीत बसून, यवतेश्वरच्या घाटापर्यंत येऊन, हा आवाज स्वतः ऐकावा. दोन स्मरणपत्रांनंतर पुण्याहून कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला. घाट लागताच त्याने न सांगता रेडिओ बंद केला, पंखा बंद केला आणि चारी काचा खाली घेतल्या. दुसऱ्या वळणावर तो एवढेच म्हणाला, ‘हो, आहे.’ साडेतीन महिन्यांनंतर ते दोन शब्द ऐकून पाठीमागे बसलेल्या माझ्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. गाडीसाठी ते नव्हते, हे मला ठाऊक आहे. इतके दिवस घरी सारे जण आम्हा दोघांना भास होतो असे समजू लागले होते.

चेंबर उतरविले त्या दिवशी मी मुद्दाम हजर राहिलो. तळातले तेल एका पांढऱ्या ट्रेमध्ये ओतले होते आणि खिडकीतल्या उन्हात त्यात अभ्रकाचा चुरा मिसळल्यासारखी चमक तरंगत होती. इंजिनिअरने बेरिंगची दोन अर्धी कवचे माझ्या तळहातावर ठेवली. रुपयाच्या नाण्याहून फार जाड नाहीत अशा त्या कमानी: पोलादाची पाठ आणि आतून मऊ धातूचा लेप. आपण तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई करतो त्या कथलाशी या लेपाचे जुने नाते आहे. 1839 साली आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने कथील, तांबे आणि अँटिमनी यांचा मिश्रधातू याच कामासाठी योजला, तेव्हापासून तत्त्व एकच चालत आले आहे, की कठीण आसाशी गाठ पडावी ती मऊ धातूची, आणि झीज सोसावयाची ती त्याने. धडधाकट इंजिनात या दोहोंमध्ये तेलाचा एक अतिसूक्ष्म पडदा असतो आणि धातू धातूस शिवतच नाही. आमच्या गाडीत तो पडदा फाटला होता. आस घडविताना त्याच्या तेलवाहिनीत राहिलेला धातूचा कीस हे त्याचे मूळ असावे, असा इंजिनिअरचा अभिप्राय पडला. एका कवचाचा लेप झिजून आतला तांबूस थर उघडा पडला होता आणि त्यावरून नख फिरविले असता बारीक चऱ्या लागत होत्या. मिनिटास तीन हजार फेरे होतात तेव्हा प्रत्येक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा खाली-वर जातो. त्या दर खेपेचा आघात या नखाएवढ्या कमानीने तेवीस-चोवीस हजार किलोमीटर सोसला, आणि सोसवेना तेव्हा ती बोलू लागली. मी ते कवच बराच वेळ हातात धरून होतो.

कीस तेलाबरोबर सर्वत्र फिरला असल्याकारणाने सबंध इंजिनच बदलून देण्याचा हुकूम झाला. तीन आठवड्यांनी नवे इंजिन लाकडी पेटीतून आले. जुने साखळीला टांगून उतरविले गेले आणि हमीच्या शर्तीप्रमाणे कंपनीच्या ताब्यात गेले. साखळीवर ते किंचित फिरत होते, आणि त्याच्या कुशीला पहिल्या पावसाळ्यात वरंध घाटात उडालेला तांबडा चिखल अजून वाळून चिकटलेला होता. राजा मिलिंदाला भिक्षू नागसेनाने रथाविषयी विचारले होते, की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. तो प्रश्न मी तरुणपणी वाचला होता, पण खरा समजला तो त्या वर्कशॉपच्या ओल्या फरशीवर उभा असताना.

सरकारदरबारी मात्र याचे उत्तर ठरलेले आहे. मोटारीची ओळख नोंदणी पुस्तकातल्या दोन क्रमांकांनी पटते, एक चॅसिसचा आणि एक इंजिनाचा. इंजिन बदलले तर परिवहन कार्यालयात ते दाखवून नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते आणि विम्याच्या पॉलिसीतही तसा बदल करावा लागतो. कोरलेल्या क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की पांढरी अक्षरे उमटतात. तसा ठसा काढून मी कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडच्या कारकुनाने कारण विचारले. आवाज येत होता, मी म्हणालो. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले, ‘कसला आवाज?’ असे विचारले, आणि मी सांगत असता त्याने हातातले पेन खाली ठेवले. पाठीमागे रांग होती. तरीही त्याने सारे ऐकून घेतले, मग पेन उचलून ‘सदोष’ एवढा एक शब्द लिहिला आणि कागदावर शिक्का मारला.

परतताना गाडी गॅरेजकडे वळविली. मिस्त्रींनी ग्राइंडर बंद करविला, तोच पेचकस घेतला आणि वरपासून खालपर्यंत, घाई न करता, एकेका जागी थांबत गेले. तळाशी पोहोचल्यावर ते काही बोलले नाहीत. लाकडी मूठ माझ्याकडे करून म्हणाले, ‘ऐका.’

मी वाकलो आणि ती मूठ कानामागे लावली. आत रात्रीच्या ओढ्यासारखा तेलाचा एक अखंड खळाळ होता, त्यावर तीन पिस्टनांची सम एकामागून एक पडत होती, आणि दोन समांच्या मधली जागा मोकळी होती. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. मिस्त्रींनी बराच वेळ पेचकस परत मागितला नाही.